खुर्चीवरून दहा वेळा

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी सांगत होती, लष्करी दवाखान्यानं तुझ्या गुडघ्यांसाठी घरच्या घरी करायच्या व्यायामाचा तक्ता, रबरी पट्टा आणि नोंदवही पाठवली. पट्ट्यानं तू कपाटाचं दार बांधलंस आणि वहीत महिनाअखेरपर्यंतच्या सह्या एकदमच ठोकल्यास. खोट्या हजेरीबद्दल पोरांना उन्हात पळवणारा फौजी तो हाच का?

न्हाणीघरात पडलास तेव्हा पाऊण तास हाक मारली नाहीस म्हणे. गोळ्यांना भ्याला नाहीस, बायकोला भितोस?

लोभाची कमतरता नाही, अकलेची असेल तर कळव.
तुझी छबी

ता. ११ जून

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.

टोमणे पोचले. माझ्या बुटांपेक्षा वयानं लहान डॉक्टरीणबाई फोनच्या पडद्यावर येऊन सांगतात, आजोबा, खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. तीनशे जवानांना कवायत शिकवली, आता मी बसायला शिकायचं. सोबत प्रश्नावली. गेल्या महिन्यात आपण निरुपयोगी आहोत असं किती वेळा वाटलं? मी लिहिलं, हा कागद भरताना.

खरं सांगतो. दार लावून करून पाहिलं. चौथ्यांदा उठताना पाय लटपटले आणि पलंगावर कोसळलो. तुझ्या वहिनीनं मला कायम ताठ उभाच पाहिलाय. हे तुझ्यापाशीच ठेव.

लोभ असावा, जीभ आवरावी.
दादा

ता. १७ जून

ती. दादास,
सा. न.

तुझं गुपित ठेवते, वहिनीचं फोडते. ताठ उभा म्हणे. रोज सकाळी पलंगावरून ओढून तुला ताठ कोण करतं? त्यात तिचा उजवा खांदा गेलाय. केस विंचरायला हात वर जात नाही. भाजी आणायला म्हणून निघते, ती खांदा शेकायला जाते. तुझी शान तिच्या खांद्यावर उभी आहे. किती दिवस ठेवायची, तू ठरव.

रागावलास तरी लोभ आहे.
छबी

ता. २ ऑगस्ट

चि. छबीस,
आशीर्वाद.

उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. खोट्या सह्यांची पानं फाडली. तुझ्या वहिनीशी सगळं बोललो. ती रडली, मग भांडली, मग समोर खुर्ची टाकून बसली. आता दार उघडं असतं. मी उठतो-बसतो, ती मोजते. अर्धवट उठलेलं धरत नाही. इतका कडक उस्ताद फौजेतही भेटला नव्हता. तिच्या खांद्यासाठी डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलाय, त्याची मोजणी माझ्याकडे. मीही सूट देत नाही.

गुडघे दुखतातच. दहा अजून होत नाहीत, आठ होतात. पण काल सकाळी तिनं सवयीनं हात पुढे केला, तोवर मी उठून उभा होतो. तिचा हात तसाच राहिला. मग तो धरला.

हे गावभर करू नकोस. लोभ असाच टोचत राहो.
दादा