चिठ्ठीत निघालेली म्हातारी

१९ जानेवारी
डेलिया, पुढे कधी हे कुणाकडून वाचून घेशील तेव्हा तुला यातलं काहीच आठवणार नाही. परवा किल्ली फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर परसात शोधलीस, तीच ना तू? म्हणून माझं मलाच सगळं सांगून ठेवते. लिहिते आहे सून, अट्रॅक्टा. तिला ताकीद दिली आहे, मी बोलेन तेच उतरवायचं.

सरकारचं पत्र आलं. देशभर चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली, त्यांत माझं नाव निघालं. नागरिक सभा म्हणे. महिन्यातून एक शनिवार-रविवार डब्लिनजवळच्या हॉटेलात बसायचं, जाणकारांचं ऐकायचं आणि शेवटी मत द्यायचं : लोकांनी चुलीत जाळायला बॉगमधली, म्हणजे दलदलीतली, माती कापायची, की ते कायमचं बंद. सभा म्हणेल ते लागू करू, असं सरकारने कबूल केलं आहे.

चिठ्ठ्या म्हणे. या गावात चिठ्ठीत आजवर कुणाला नाताळची टर्कीसुद्धा लागली नाही, पाद्र्यांची बहीण सोडून. मला मुद्दाम निवडलं आहे. का, ते शोधून काढणार.

२० जानेवारी
शोधलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातला विस्तव विझलेला नाही. रात्री निखारा राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकर घालून वर बॉगच्या वाळलेल्या मातीच्या दोन विटा ठेवायच्या. नवरा गेला त्या रात्रीही झाकला होता. ही गोष्ट कुणीतरी वर कळवली आहे. अट्रॅक्टा म्हणते, "आई, सरकारला तुमच्या चुलीचं काय पडलंय?" हिचाच संशय येतो. हिला गॅस हवा आहे.

२ फेब्रुवारी
शेजारचा पॅकी येऊन गेला. आमची माती तोच कापतो, तोच ट्रॅक्टरने आणून टाकतो. म्हणाला, "वहिनी, आता बॉग तुमच्या हातात."

योजना पक्की. तिथे सगळ्यांना "हो हो" म्हणायचं आणि मनात आहे तेच करायचं. आपल्याकडे जग यावरच चाललं आहे. पॅकीला कुंपण दुरुस्त कर म्हटलं की तो हो हो म्हणतो, आणि त्याच्या गाई अजून माझ्या कोबीत.

८ फेब्रुवारी, हॉटेल (फोनवरून सांगते आहे)
पोचले. दुपारी हॅमचे सँडविच. आपल्याकडे हॅम सँडविच दिसले म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असतं. विचारलं, "कोण गेलं?" सगळे हसले. मी नाही हसले.

आमच्या टेबलाशी एक बाई बसवली आहे. तिचं काम एकच, "सगळ्यांना बोलू द्या" म्हणणं. त्याचा पगार घेते. लक्ष ठेवायला हवं.

कागदांचा हा गठ्ठा. चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं. अट्रॅक्टा, मला चष्माच नाही हे लिहू नकोस. अक्षरं शिकले नाही कारण गरज पडली नाही. मी माणसं वाचते.

शेजारी लोर्कन म्हणून आहे, डब्लिनला ट्राम चालवतो. "द्या आजी, मी वाचतो," म्हणाला आणि सगळा गठ्ठा वाचून दाखवला. आवाज चांगला आहे. माणूस कुणाचा आहे, ते अजून कळलं नाही.

९ मार्च
कळलं. लोर्कन आपला. जेवताना मी त्याला निखाऱ्याची गोष्ट सांगितली. मान हलवत होता. "हो आजी, हो हो, अगदी बरोबर." पूर्ण वळवला.

आज एक शास्त्रज्ञ आली होती. म्हणाली बॉग धूर पोटात धरून बसलेली असते, कापली की सोडते. मी तिला हो हो म्हटलं. मग तिने एका पक्ष्याची हाक ऐकवली, लांब चोचीचा, बॉगवर घरटं करायचा तो. ती हाक मी किती वर्षांत ऐकलेली नाही. हे तिथे बोलले नाही. बोलले असते तर माझ्याविरुद्ध वापरलं असतं.

१३ एप्रिल
लोर्कनला सोडा ब्रेड कसा करायचा ते सांगितलं. "हो हो, रविवारीच करतो." सोन्यासारखा मुलगा. पॅकीला कळवलं, डब्लिनवाले खिशात आहेत, तू कापायला लाग.

११ मे
आज मतदान. कागद हातात दिला, त्यावर ओळीच ओळी, प्रत्येक ओळीपुढे चौकट. यात वाचून दाखवायचं नाही म्हणे, गुप्त. त्या पगारी बाईने विचारलं, "मदत हवी का?" म्हटलं, नको, चष्मा विसरला तरी दिसतं.

डोकं चालवलं. लोर्कन आपला आहे. शेजारून वाकून बघितलं, त्याने जिथे खुणा केल्या, तिथे तिथे मी केल्या, सगळ्या. योजना फत्ते.

११ मे, संध्याकाळ
बॉग गेली. थोडक्या मतांनी. घरोघरची कापणी बंद.

आत घोटाळा झाला आहे. चिठ्ठ्यांपासूनच होता, मी म्हटलंच होतं.

१२ मे
निघताना लोर्कन भेटला. डोळे ओले. म्हणाला, "आजी, तुमच्या घरचा विस्तव ऐकून मी हललो होतो. खूण खोडायला रबर हातात घेतलं होतं. मग बघितलं, तुम्हीसुद्धा बंदच्याच चौकटीत खूण करताय. म्हटलं, बॉगवरची म्हातारी एवढं मोठं मन करते, तर मी कोण? ठेवून दिलं रबर."

मी म्हटलं, "हो हो."

सोडा ब्रेड केलास का, विचारलं. "हो हो," म्हणाला.

१४ मे
पॅकी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "वहिनी, कुणी घात केला?" मी म्हटलं, डब्लिनवाल्यांनी. "तुम्ही होतात म्हणून निदान इतकी तरी मतं आपल्या बाजूने पडली," म्हणाला आणि टोपी काढली. कापलेली माती बॉगवर तशीच पडली आहे. आता ती उचलायची की नाही, तेही त्याला माहीत नाही.

रात्री निखारा झाकला. अजून आहे.

अट्रॅक्टा, उद्या पॅकीकडे काहीतरी पाठव. सफरचंदाचा टार्ट नको, टार्ट बघून तो आभार मानत बसेल. हॅमचे सँडविच पाठव, मोहरी लावून, कडा कापून. ते बघितले की तो काही विचारणार नाही.