अकरा हात

प्रिय छोटे,

हे पत्र फोडशील की तसंच ठेवशील, ठाऊक नाही. मागच्या वेळी जेवताना तू समाजवादाचा विषय काढलास आणि मी फटकन म्हणालो, ही पुस्तकं सभेत वाच, घरात नको. तू भरल्या ताटावरून उठलीस. तेव्हापासून तुझा फोन वहिनीला येतो, मला नाही. तिच्याकडून खुशाली कळते, तेवढ्यावर समाधान मानतो.

इकडची बातमी अशी, की आमचे मालक आता थकले. बाइंडिंगचा कारखाना विकायचा म्हणतात. बाहेरचा एक जण घ्यायला तयार आहे, पण तो नवी यंत्रं आणणार आणि आम्हा बाराजणांतले निम्मे घरी बसणार. मालक म्हणाले, तुम्ही सगळे मिळून चालवणार असाल तर आधी तुम्हाला देतो, महिनाअखेरपर्यंत सांगा. मला एकदम तू आठवलीस. तुझी इथे राहिलेली पुस्तिका शोधली आणि दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी ती जवळजवळ पाठ म्हणून दाखवली. शोषण काय, उत्पादनाची साधनं काय! गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडात ते शब्द बसेनात. कटिंग मशीनवरचा आमचा पैलवान म्हणाला, “मास्तर, प्रवचन झकास झालं, पण चहा गार झाला की!”

मग मी सांगणं सोडलं आणि विचारायला लागलो. आमच्याकडे शिलाईला बसायला खिडकीजवळ एकच चांगली जागा आहे. ती दर आठवड्याला फिरते, आणि ज्याचे डोळे दुखतात त्याला जास्त दिवस मिळते. हे कुणी ठरवलं, असं मी विचारलं. कुणालाच सांगता येईना. मालकांनी तर नाहीच. पैलवान म्हणाला, “खिडकीचं ठीक आहे हो, पण सगळेच मालक झाले तर आळशाला कोण हलवणार?” सरस लावणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, “आत्ता तरी मालकांना कुठं ठाऊक आहे आळशी कोण ते? आपल्याला ठाऊक आहे.” सगळ्यांनी पैलवानाकडे पाहिलं. तोही हसला. त्यानंतर रोज चहाला तोच नवीन प्रश्न घेऊन यायला लागला. भांडण झालं तर? एखादा आजारी पडला तर? काहींची उत्तरं आम्हाला सापडली, काहींची अजून नाहीत. माणसाला विचारलं की तो विचार करतो, सांगितलं की कान बंद करतो, हे मला या वयात कळावं, याची गंमत वाटते.

काल हात वर करायचे ठरले. एकाचाही हात खाली राहिला तर हा नाद सोडायचा, असं सगळ्यांनी आधीच कबूल केलं होतं. अकरा हात वर गेले, पैलवानाचा सगळ्यात आधी. खाली राहिला तो माझा. कुणी रागावलं नाही. पैलवान एवढंच म्हणाला, “मास्तर, नाद सोडायला महिनाअखेर आहे. तुमच्या मनात काय आहे ते सावकाश सांगा, तोवर आम्ही थांबतो.”

छोटे, तो बाहेरचा माणूस मला आधीच भेटून गेला होता. बाकी कुणाचंही काही होवो, तुमची जागा पक्की, असं म्हणाला होता. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्यांशी बोलताना मी एक शब्द खोटा बोललो नाही, तरी हात का उठला नाही? सकाळी देवापुढे बसलो तेव्हाही हेच विचारत होतो. उद्या चहाला सगळ्यांना सांगणार आहे. मग मला त्यांच्यात घ्यायचं की नाही, ते अकराजण ठरवतील. त्याआधी एकदा तुला लिहून पाहिलं. लिहिता आलं, म्हणजे बोलताही येईल.

तुझाच,
दादा