स्थिर झालेले बोट

वाशीम, कार्तिक शुद्ध पंचमी, १९७४

जिनेश्वरांच्या कृपेचे स्मरण करून लिहितो. मुंबईच्या शल्यविशारदांनी मेंदूत सुई उतरवून माझा कंप शमवला, त्यानंतर आज प्रथमच मूर्तीस केशराचा टिळा स्वहस्ते लावला. एक थेंब ओघळला नाही! सवयीने मनगट धरण्यास आलेला पत्नीचा हात मी परतवला.

गाभाऱ्याबाहेर पूजेसाठी तोंडावर बांधलेले वस्त्र सोडताच ती म्हणाली, "पयले झोपेतच काय तो हात थांबे. आता हात थांबला, तं झोप पळाली. काय कमावलं तुमी?"

"टिळा पाह्यला?"

"पाह्यला. मीबी इतका गोल लावला नाही कधी. मंग जागा खुशाल!"

अभिमान हा कषाय, आत्म्याला मळवणारा विकार, हे जन्मभर इतरांना सांगत आलो. आज तो मलाच का आवरेना? पण खरोखर, एकही थेंब नाही. या मोलात झोप गेली तर जावो.

हे वाचणाऱ्या सर्व जीवांना स्थिर हात आणि सुखनिद्रा, दोन्ही लाभोत.