टांग्याचे पाटे

ता. ३ फेब्रु. ६३, अमरावती
चार दिवस झाले, अंगणात मोटारीचा सांगाडा पडून हाय आन् माह्या मुगवड्या उन्हाविना घरात कुजून राहिल्या. नातू दिनकर म्हणते, "आजी, शर्यतीची गाडी हाय. आमी कॉलेजातल्या पोरांनीच बनवली. अकोल्याच्या मैदानात पळणार." म्हटलं, आधी अंगणातून तर पळव. तिघं पोरं दिवसभर तिच्याभोवती. मेल्या म्हशीवर गिधाडं बसावी तशी.

ता. ५
भांडण. गाडीखाली काय बसवायचं? टांग्याले असतात तसे एकावर एक लोखंडी पट्ट्यांचे पाटे, का गोल गुंडाळीची स्प्रिंग? दिनकर स्प्रिंगवाला. म्हणते, हलकी असते. त्याचा दोस्त भास्कर, अकोटचा, गाडी तोच हाकणार, तो पाट्यावाला. शेवटी माह्याजवळ येऊन म्हणते, "आजी, मागल्या दारच्या टांग्याचे पाटे द्या ना. उभाच तर हाय."
उभाच हाय. गणपत गेला तेव्हापासून. माहा पोरगा, दिनकरचा बाप. त्याच टांग्यावर घर चालवलं त्यानं.
म्हटलं, "तुह्या बापाची बैलगाडी उकल अकोटले जाऊन." भास्कर हसला. दिनकर नाही.

ता. ९
अकोल्याच्या भंगारातून जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणल्या. बसवल्याही. चहा द्यायला गेली तेव्हा वाकून पाहिलं.
पाटा ओझं झेलते, आन् चाकाचा आसही जागेवर धरून ठेवते. गणपत रोज सांगे. स्प्रिंग नुसती झेलते. मग आस कोण धरील? त्यासाठी पोरांनी दोन पातळ पट्ट्या ठोकल्या होत्या. बोटभर रुंद.
बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा टांग्याकडे वळले असते.
चहा चांगला झाला म्हणाले.

ता. १२
भातकुलीच्या रस्त्यावर पळवून पाहिली. पट्टी तुटली, आस सरकला, गाडी नाल्यात. भास्करचा उजवा पाय गुडघ्याखाली पार...
दिनकर आला तो हातपाय न धुता अंगणात बसला. "आजी, माह्यामुळं झालं." म्हटलं, जेव.
जेवला नाही.

ता. १३
दवाखाना. भास्कर पिवळा पडला. तरी म्हणते, "आजी, पाटे दिले असते तं पहिला नंबर होता आपला." थट्टा. मले हसता आलं नाही. त्याच्या पायावरची चादर सारखी केली, उगीच.

ता. १४
पाय ठेवतील का कापतील, परवा सांगतो म्हणाले डॉक्टर.
उद्याच्या एस्टीनं भास्करचा बाप येते. दिनकर सकाळपासून माफीचे शब्द घोकून राहिला. पट्ट्या त्यानं ठोकल्या, खरं. त्याले समजलं नाही, तेही खरं. मले समजलं होतं.
दिनकर, तुह्या तोंडावर बोलवत नाही, म्हणून वही उघडी ठेवते. उद्या तू घरात बस. भास्करच्या बापानं विचारलं, काहून झालं, तं तू एक शब्द बोलायचा नाही. जबाब मी देईन.