चार वीत आणि दोन बोटं

३ नोव्हें. २००६, टेमघर
नात घरी आली. विलासला कुवेतला फोनवर सांगितलं, नाक तुझं हाय, नशीब रंग आईचा. आनंद मावत न्हाय, पण वजन कमी. दोन किलो चारशे. एवढी तर बाजारातली कोंबडी भरते. सूनबाई सुरेखाला ताप, दूध उतरत न्हाय. डॉक्टर म्हणाले, वरचं दूध द्या, डबा कुठला पण असो, दिवसाला ३०० कॅलरी, आठ खेपांत. जास्त पाजलं तर पोट फुगंल. त्या "जास्त"चीच भीती बसली.

४ नोव्हें.
विलासनं पाठवलेला डबा फोडला. सगळं अरबी, खाली थोडं इंग्रजी. माझी चौथी कामाला आली, इंग्रजी अक्षरं तेवढी येतात. डब्यावर: तयार दूध १०० मिली, २८० केजे. डॉ.च्या कागदावर: ३०० केकॅल. दोन्हीकडं के. म्हणजे दिवसाला शंभर मिली, वर थोडंसं. आठ भाग केले, खेपेला तेरा-चौदा मिली.
सुरेखा म्हणाली, "आई, एवढंसंच?"
मी म्हटलं, आकडा डॉक्टरचा हाय, तुझं-माझं काय चालतंय.

६ नोव्हें.
काल लई रडली. आज गप. शहाणी हाय, आजोबांवर गेली. ते पण पानात काय न्हाय तरी बोलायचे न्हाईत, देवाघरी सुखी असोत. लंगोट सकाळपासून एकच. धुणं वाचलं. तरी दर घडीला नाकाशी बोट धरून बघते. का बघते, कळत न्हाय.

७ नोव्हें., दवाखाना
शेजारची जुबेदाभाभी सकाळी बघायला आली. हातात घेतली आणि तिचं हसू गेलं. टाळू बघितली, लंगोट चाचपला. म्हणाली, "आजी, ये सोई नहीं है। थक गई है।"
रिक्षा तिनंच थांबवली. वजन दोन किलो शंभर. पायात सुई घालायला शीर सापडंना. मी भिंतीकडं तोंड करून...

८ नोव्हें.
सिस्टरनं डबा मागवला, कागद शेजारी ठेवला. ओरडली न्हाय. ओरडली असती तर बरं. म्हणाली, आजी, केजे आणि कॅलरी एक न्हाय. ताकद तीच, माप निराळं. केजेला चारानं भागायचं, वर थोडं, मग कॅलरी येते. वर थोडं म्हणजे किती, मी विचारलं. ती म्हणाली, चार पूर्णांक दोन दशांश, बघा.
मला ते पूर्णांक कुठं कळायचं. लूमच्या कारखान्यात वीस वर्षं फोल्डिंगला कापड मोजत व्हते, माझं गणित कापडाचं. मनात मोजलं. कॅलरी म्हणजे वार. केजे म्हणजे वीत. चार वीत आणि वर दोन बोटं, तेव्हा एक वार.
डॉक्टरनं तीनशे वार मागितलं. मी तीनशे वीत दिलं. तीन दिवस.
सुरेखाला सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला, मग माझ्याकडं पाठ करून झोपली. "एवढंसंच?" म्हणाली व्हती ती.

९ नोव्हें.
विलासचा फोन. "आई, तू हायेस ना, मग मला काळजी न्हाय." त्याला अजून सांगितलं न्हाय. सांगायचंय.
सिस्टर म्हणाली, आता तुम्हीच हिशेब करून दाखवा. पेन घेतलं. २८० वितीचे वार सदुसष्ट. तीनशे वारांना दूध साडेचारशे मिली. आठ खेपा, एकेक छप्पन्नची. ती म्हणाली, बरोबर, पण सुरुवात तिसाची, पोटाला सवय न्हाय. पोरीनं तिसातलं वीस घेतलं, बाकीचं ओठातून बाहेर. माझ्या हातून पाजायला भ्याले, सुरेखानं पाजलं. मग तिनं बाटली माझ्या हातात दिली. धुवायला की कशाला, विचारलं न्हाय.
आत्ता सिस्टर पोरीला काट्यावर घेऊन गेली. आतून विचारते, आजी, वजन लिहून घेणार ना?
पेन उघडंच हाय.
आजचं वजन: