फ्लॉईडच्या विहिरीचं पाणी, विदाउट प्रिज्युडिस

३ जानेवारी
शेजारच्या फ्लॉईडच्या माडाची झावळी माझ्या नव्या गाडीवर पडली. काच गेली. तो म्हणतो, माड आजोबांपासून तिथेच आहे, गाडी कालची. काय हा उर्मटपणा! पण सॉलिसिटरच्या ऑफिसात मी जन्म काढला तो उगाच नाही. पत्र पाठवणार. वर ठळक 'विदाउट प्रिज्युडिस'. एकदा हे घातलं की खाली काहीही लिहा, आपल्यावर शेकत नाही. साहेब नेहमी घालायचे.

५ जानेवारी
पत्र दिलं. त्यात फ्लॉईडला आळशी, अडाणी आणि नारळचोर म्हटलंय. ग्रेसी म्हणाली, अक्कल गहाण टाकलीत का? बायकोला कायदा कोण समजावणार!

११ जानेवारी
उत्तर नाही. घाबरलाय. दुसरं पत्र. यात त्याचा बापही घेतला.

१४ जानेवारी, दुपार
घोळ झाला. आमच्या मेलिसाचं लग्न पंचवीसला. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी बॅन्ड लावून विहिरीवरून आणायचं, आणि आमच्या घराण्यात पहिली बादली नवरीचा बाप ओढतो. आमची विहीर मी गाडीच्या शेडसाठी बुजवली. आळीत आता विहीर उरली एकच. फ्लॉईडची.

संध्याकाळ
चिंता नको. माफीचं पत्र लिहिलं. अगदी मनापासून. वाचताना माझेच डोळे भरले. वर 'विदाउट प्रिज्युडिस' घातलंच. सावध असलेलं बरं.

१७ जानेवारी
फ्लॉईडची मुलगी डायना वसई कोर्टात वकील आहे. तिने रस्त्यात गाठलं. म्हणाली, अंकल, भांडण मिटवताना जे कबूल कराल ते पुढे तुमच्याविरुद्ध वापरू नये, त्या शब्दांचा अर्थ एवढाच. शिव्यांना ते लागू नाही. म्हणून पप्पांनी शिव्या धरल्या. माफी तेवढी धरता येत नाही.
कालची पोर मला शिकवते!

२० जानेवारी
फ्लॉईडचा निरोप आला. मेलिसा त्यांच्याच अंगणात वाढली, पाणी खुशाल न्या. बापाने मात्र आधी येऊन तोंडाने सॉरी म्हणावं, कागद नको. तोंडी कबुली! मग काचेच्या भरपाईचं काय? मेलिसा म्हणाली, डॅडी, माझ्यासाठी. उद्या जातो म्हटलं.

२३ जानेवारी
गेलो होतो. फाटकापर्यंत. आत जेवणं चालली असावीत. जेवत्या माणसाला उठवू नये. उद्या नक्की.

२४ जानेवारी
सकाळी मांडवाचं काम निघालं. मग पाहुणे. मग बॅन्डच आला. सगळी मिरवणूक फ्लॉईडच्या अंगणात गेली. मी कंपाउंडच्या भिंतीमागे स्टुलावर चढून पाहत होतो. विहिरीपाशी बॅन्ड थांबला. बायका विचारू लागल्या, नवरीचा बाप कुठेय? हाक मारावीशी वाटली, पण सॉरी अजून म्हटलं नव्हतं. ग्रेसीने इकडेतिकडे पाहिलं आणि फ्लॉईडला म्हणाली, तूच ओढ.
त्याने ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कुणाला ऐकू जाणार नाहीत अशा.