मार्तंडचा अंगठा

शरयू,

तुझ्या भावाने, मार्तंडने, चैत्रात लिहिलं होतं, ‘बाबा, क्लॅरिनेटच्या वजनानं उजवा अंगठा बधिर होतो. बँडातली नोकरी सोडू का?’ माझं वाजवणं त्याच दुखण्यानं सुटलं, मी काय सांगणार, म्हणून उत्तर धाडलं नाही. तू मात्र ‘उत्तर टाकलं का?’ असं रोज विचारत राहिलीस.

काल माझं जुनं क्लॅरिनेट काढलं. तुझ्या शिलाईच्या डब्यातली रुंद फीत त्याला बांधून गळ्यात अडकवली. न फुंकता अर्धा तास बोटं फिरवली. वजन मानेवर आलं, अंगठा दुखला नाही. माझं वाजवणं सुटलं तेव्हा हे मला सुचलं नाही.

तसंच त्याला लिहिलं आणि फीतही पाकिटात घातली. तुला वाचून दाखवलं असतं, तर आधी वाचून दाखवलेल्या तीन पत्रांसारखं हेही मी फाडलं असतं.

मी वाचनालयात आहे. भाकरी झाकून ठेव. टपाल नेणारी जालन्याची मोटार सुटायच्या आत पत्र पेटीत टाकलं. टाकताना या वेळी फाडावंसं वाटलं नाही.

बाबा